हार्ड डिस्क गेली, आत आप्पांचा कुलवृत्तांत आहे. घरी काही करता येईल का?

सुपारीबाग | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, जरा घाईतच लिहितोय. गावी (गुहागर तालुका) आप्पांचा जुना डेस्कटॉप आहे. २०१२ च्या सुमारास घेतलेला, विंडोज ७, आत ५०० जीबीची साडेतीन इंची डिस्क. त्यावर आप्पा गेली अकरा वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करतायत. कोण कऱ्हाडहून उतरलं, कोण बडोद्याला गेलं, कोणाला किती मुलं, सगळं.

परवा पावसात लाइट तीनदा गेली-आली, इन्व्हर्टर खटाखट बदलत होता. त्यानंतर विंडोज सुरूच होईना. मेव्हण्यांनी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) लावलं. चार तास चाललं, ११ टक्क्यांवर अडकलं, मग बटण दाबून बंद केलं. आता डिस्क काढून यूएसबी डॉकमधून माझ्या लॅपटॉपला लावली तर कधी दिसते, कधी नाही. दिसली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हणते.

एका दुकानाने फोनवरच बावीस हजार सांगितले. बॅकअप म्हणाल तर एक पेनड्राइव्ह आहे, त्यात २०१७ पर्यंतचं आहे. आप्पा ७८ वर्षांचे. दर तासाला "झालं का रे?" विचारतायत.

लिनक्सकाका | रविवार, रात्री १०:०४

फॉरमॅटला 'नाही' म्हणा आणि आधी डिस्कची वायर काढा. बाकीचं नंतर बोलू.

आगाऊ_कार्टा | रविवार, रात्री १०:११

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या मित्राची चालली होती.

डब्बा_पीसी | रविवार, रात्री १०:२०

कार्ट्या, नको ना बाप्पा असे सल्ले देऊ. नागपूरला सीताबर्डीत चौदा वर्षं दुकान चालवलं मी. फ्रीझरमधल्या डिस्का आणून देणारे दर उन्हाळ्यात दोन-तीन यायचे. तो उपाय फार जुन्या डिस्कांचा, ज्यांच्यात हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, आतल्या फिरत्या तबकडीला चिकटून बसायचं. तेव्हाही एखादीच चालायची. आताच्या डिस्कमध्ये हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगते. थंडगार डिस्क बाहेर काढली की कोकणातल्या हवेत तिच्यावर घाम फुटणार, आतही आणि खालच्या हिरव्या सर्किट बोर्डावरही. त्या थेंबापुढे हेडची उंची म्हणजे काहीच नाही.

सुपारीबाग भाऊ, मला एकच सांगा. डिस्क कानाशी धरा आणि फक्त दहा सेकंद पॉवर द्या. कशी वाजून राहिली?

सुपारीबाग | रविवार, रात्री १०:४१

फिरते. घूं करून वेग घेते, मग बारीक खरखर. टक टक असं नाही. एकदा दिसली तेव्हा साइझ बरोबर ४६५ जीबी दाखवली, मग गायब.

डब्बा_पीसी | रविवार, रात्री १०:५८

मग नशीबवान आहा. माझं गणित सरळ असते. अजिबात आवाज नाही, फिरतही नाही, तर बोर्ड किंवा पॉवरची भानगड. टूं-टूं करून थांबते, म्हणजे मोटर अडकली किंवा हेड तबकडीवर चिकटलं. टक... टक... टक अशी तालात वाजते, म्हणजे हेड गेलं. तिला पुन्हा पॉवर द्यायची नाही, सरळ लॅब. कारण तुटकं हेड तबकडीवर खरवडत असते आणि दर फेरीला तुमचा डेटा भुकटी होऊन उडून राहिला असतो. ५४०० किंवा ७२०० फेरे मिनिटाला, हिशोब तुम्हीच करा.

तुमची फिरते, साइझ बरोबर सांगते, म्हणजे हेडला निदान स्वतःची ओळख वाचता येते. येऊन-जाऊन दिसते ते दोन कारणांनी: खराब सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), नाहीतर बोर्डाचे कॉन्टॅक्ट. तुम्ही समुद्राकाठचे, म्हणून मला दुसरा संशय आधी.

मीनल_के | रविवार, रात्री ११:१५

बोर्डच बदलला तर? यूट्यूबवर पाहिलंय, त्याच मॉडेलची जुनी डिस्क घ्यायची आणि हिरवी पट्टी अदलाबदल करायची.

डब्बा_पीसी | रविवार, रात्री ११:२२

ताई, ते दहा-पंधरा वर्षं आधी व्हायचं. आता बोर्डावर आठ पायांची एक चिमुकली चिप असते, तिच्यात त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात: कोणतं हेड किती वाकडं, तबकडी कशी. ती चिप उचलून नव्या बोर्डावर डकवल्याशिवाय डिस्क ओळखच देत नाही, किंवा टकटक सुरू. हॉट एअर गन हातात घेतलेली नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सुपारीबाग | सोमवार, दुपारी १:३०

कॉन्टॅक्टचं सांगा. टी६ चा स्टार स्क्रू-ड्रायव्हर मिळालाय, मोबाइलवाल्याकडे.

डब्बा_पीसी | सोमवार, दुपारी २:०५

बोर्डाचे पाच-सहा स्क्रू असतात. फक्त बोर्डाचे. वरच्या चकचकीत झाकणाला हात नाही लावायचा, आणि 'हे भोक झाकू नका' लिहिलंय तिथे तर बोटही नाही. बोर्ड उलटा करा. दोन जागी सोनेरी-रुपेरी ठिपक्यांची रांग दिसन, एक हेडची, एक मोटरची. ते ठिपके काळे पडले असतील तर शाळेतला पांढरा खोडरबर घ्या, हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झाडा. जमलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर राहू द्या. पाणी नाही, थुंकी नाही. (हसू नका, पाहिलंय मी.) स्क्रू एका दमात आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे.

सुपारीबाग | सोमवार, संध्याकाळी ६:४०

डब्बाभाऊ, दंडवत! फोटो टाकलाय बघा. अठरा ठिपक्यांपैकी सात काळे कुळकुळीत, जुन्या पैंजणासारखे. आप्पांच्या कंपासपेटीतला खोडरबर वापरला, ते शेजारी बॅटरी धरून उभे. घासल्यावर चांदीसारखे उजळले. लावली तर तीन वेळा लावून तीनही वेळा दिसली! पण फोल्डर उघडायला गेलं की पाच मिनिटं हिरवी पट्टी सरकते आणि पुन्हा तेच, फॉरमॅट करा.

आता रिकव्हरीचं एखादं सॉफ्टवेअर टाकून स्कॅन लावू का?

लिनक्सकाका | सोमवार, संध्याकाळी ७:०२

नको! घरी केलेल्या प्रयोगांची बहुतेक माती इथेच होते. आजारी डिस्कवर स्कॅन लावणं म्हणजे दम्याच्या माणसाला रायगड चढायला लावून वर त्याच्याकडून पोवाडा म्हणून घेणं. तुमच्या मेव्हण्यांनी चेकडिस्क लावलं तेही तसंच, शिवाय ते डिस्कवर लिहितं. हेतू चांगला होता, मान्य.

आधी सबंध डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर नक्कल काढायची, मग मूळ डिस्क कपाटात. जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. त्यासाठी डीडीरेस्क्यू आहे, आंतोनियो दियाझ याने लिहिलेलं, फुकट. साधी कॉपी कुठे अडली की तिथेच ठोकर खात बसते. हे अडलेली जागा सोडून पुढे जातं, सहज मिळतंय ते आधी उचलतं आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका छोट्या फाइलमध्ये लिहितं. लाइट गेली तर पुन्हा लावा, त्या नकाशावरून पुढे सुरू. तुमच्याकडे लाइट जाणारच, म्हणून मुद्दाम सांगतो.

तयारी:
एक टीबीची नवी डिस्क. नक्कल ५०० जीबीची, पण नंतर फाइली काढायलाही जागा लागते.
यूएसबी डॉक बाजूला ठेवा. खराब सेक्टर आला की त्यातली चिप गोंधळते. दोन्ही डिस्का डेस्कटॉपच्या आत सॅटा केबलने लावा.
पेनड्राइव्हवर लिनक्स टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा.
नकाशाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर.

आणि एंटर दाबण्याआधी कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे मॉडेल नंबर वाचून खात्री करा. लिनक्स डिस्कांना देतं त्या नुसत्या 'एसडीए, एसडीबी' नावांवर विसंबू नका, रीस्टार्टनंतर ती नावं बदलू शकतात.

वांगीभात | सोमवार, रात्री ८:१५

शेवटच्या वाक्याला माझे शंभर अनुमोदन. २०१९ मध्ये मी रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी केली. अत्यंत यशस्वीपणे, एकही एरर नाही. बायकोच्या बारशापासूनचे स्कॅन केलेले फोटो होते. त्यावर अजून बोलणं होतं.

चिपळूणकर_जावई | सोमवार, रात्री ९:००

विषय निघालाय म्हणून. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात सासऱ्यांच्या दुकानाचे दोन संगणक छातीभर पाण्यात होते. आम्ही शहाणपणा करून एक डिस्क हेअर ड्रायरने वाळवली आणि लावली. पाच सेकंद घरघर, संपली. दुसरी तशीच चिखलासकट पिशवीत बांधून लॅबला पाठवली, तिच्यातला जवळपास सगळा डेटा आला. लॅबवाल्याने सांगितलं, गाळ वाळला की तबकडीवर सिमेंट होतं.

सुपारीबाग | मंगळवार, सकाळी ७:२०

काल रात्री साडेअकराला सुरू केलं. काकांनी सांगितलं तसं आधी 'मायनस एन' लावून, म्हणजे अवघड जागा न खरवडता. पहिला तास सुसाट. सकाळी उठून बघतो तर ६१ टक्के आणि वेग सेकंदाला ४० केबी. डिस्क हाताला चांगलीच गरम लागतेय. थांबवू?

लिनक्सकाका | मंगळवार, सकाळी ७:४५

कंट्रोल-सी दाबून थांबवा, नकाशा जपून राहतो. अर्धा तास गार होऊ द्या. मग कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावा आणि 'मायनस कॅपिटल आर' देऊन उलट्या टोकाने सुरू करा. मध्ये कुठेतरी खराब पट्टा आहे, मागून आलात तर पलीकडचा चांगला भाग आधी हाती लागेल.

धडधाकट डिस्क दीड-दोन तासांत पूर्ण झाली असती. तुमची दोन-तीन दिवस घेईल. बघत बसू नका.

सुपारीबाग | मंगळवार, दुपारी ३:१०

उलट्या बाजूने भराभर निघालं, ९७ टक्के! आप्पा खुर्ची टाकून फॅनशेजारी बसलेत, फॅन हलला तर धरायला. लाइट दोनदा गेली. दोन्ही वेळा जिथे होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

मीनल_के | मंगळवार, दुपारी ४:००

एक बाळबोध प्रश्न. माझ्या लॅपटॉपला एसएसडी आहे. तिथेही असंच करायचं का?

डब्बा_पीसी | मंगळवार, दुपारी ४:३५

एसएसडीत फिरती तबकडी नसते, नुसत्या चिपा, म्हणून टकटक नाही, खरखर नाही. आज आहे, उद्या नाही. आणि डिलीट झालेली फाइल परत काढायची म्हणाल तर ट्रिम नावाची सोय असते, ती डिलीट केलेली जागा आतून पुसून टाकते. हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढली, माणूस अजून घरातच. एसएसडीवर घरच पाडलं. म्हणून तिथं बॅकअप.

अडीच इंची पोर्टेबल डिस्कचंही सांगून ठेवतो. काहींमध्ये यूएसबीचं तोंड थेट बोर्डावरच असते आणि डेटा त्याच बोर्डावर एन्क्रिप्ट होतो, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. खोक्यातून काढून सॅटाला लावू म्हणाल तर जमत नाही. बोर्ड फेकला तर चावीही गेली.

आगाऊ_कार्टा | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

फ्रीझरचा सल्ला मागे घेतो. पण मला सांगा, डिस्क मरणार हे आधी कळत नाही का? स्मार्ट की काय असतं ना?

लिनक्सकाका | मंगळवार, संध्याकाळी ६:००

असतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती. त्यात पाच नंबर आणि १९७ नंबर बघायचे. पाच म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे 'वाचता येत नाही, बघू' म्हणून ताटकळत ठेवलेले. दोन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, डिस्कला दोष देऊ नका.

२००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, तशी एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की मेलेल्यांपैकी बऱ्याच डिस्कांनी आधी काहीच कुरकुर केली नव्हती. म्हणजे स्मार्ट ओरडलं तर ऐका, गप्प असलं तर निर्धास्त राहू नका.

सुपारीबाग | गुरुवार, सकाळी ८:३०

खरवडण्याचा फेरा आणि तीन रिट्राय झाले. ९९.९९ टक्के. फक्त ३८ एमबी राहिलं. मूळ डिस्क काढून ठेवली. आता?

लिनक्सकाका | गुरुवार, सकाळी ९:१५

सुंदर. आता ती नक्कल टेस्टडिस्कमध्ये उघडा. हेही फुकट, क्रिस्तोफ ग्रनिए याचं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) हिच्या बूट सेक्टरची, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या कप्प्याची, एक प्रत पार्टिशनच्या शेवटी असते, टेस्टडिस्क ती वापरून पुढचा बिघडलेला दुरुस्त करू शकतं. मग फाइलींची यादी दाखवेल, नावांसकट. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. फोटोरेक हे त्याचं भावंड शेवटचा उपाय म्हणून ठेवा. ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून तुकडे उचलतं, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फाइली, सगळ्यांना नुसते आकडे. आप्पा वैतागतील.

सुपारीबाग | गुरुवार, रात्री १०:२०

फोल्डर दिसलं! 'कुलवृत्तांत', आत शाखा १ ते शाखा ९, सगळ्या वर्डच्या फाइली. नव्या डिस्कवर काढल्या.

पण उघडल्या तर सगळा कचरा. रोमन अक्षरं, त्यांवर टोप्या आणि दोन-दोन टिंबं, मध्येच डॉलर, मध्येच पौंडाची खूण. नऊच्या नऊ फाइली तशाच. करप्ट झाल्या. आप्पांना अजून सांगितलं नाही. ते झोपलेत.

टंकनिका | गुरुवार, रात्री १०:३३

अहो थांबा! नऊच्या नऊ सारख्याच बिघडल्या? परिच्छेद, टेबलं, पानांचे आकडे जागच्या जागी आहेत का? त्या कचऱ्यावर कर्सर ठेवा आणि वर फॉण्टच्या खिडकीत काय नाव येतं ते सांगा.

सुपारीबाग | गुरुवार, रात्री १०:३६

टेबलं जागच्या जागी. फॉण्ट: श्री-देव-०७१४.

टंकनिका | गुरुवार, रात्री १०:४५

झोपा निवांत. फाइलींना काहीही झालेलं नाही. आप्पांनी श्रीलिपीत टाइप केलंय. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी आम्ही सगळे डीटीपीवाले असंच करायचो: श्रीलिपी, आयएसएम, नाहीतर शिवाजी. फाइलीत साठतं ते रोमनच्याच घरातलं चिन्ह, फॉण्ट त्या जागी 'क'चा आकार दाखवतो. तुमच्या लॅपटॉपवर फॉण्ट नाही, म्हणून नुसती घरं दिसतायत, माणसं नाहीत. दिवाळी अंकांच्या कित्येक जुन्या सीड्या लोकांनी याच गैरसमजापायी फेकल्यात.

फॉण्ट शोधायला कुठे जाऊ नका. तुमच्याच नकलेत विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फॉण्ट्स' असेल, तिथून उचला.

सुपारीबाग | गुरुवार, रात्री ११:२०

फॉण्ट टाकला. फाइल उघडली. पहिलं वाक्य: "मूळ पुरुष कऱ्हाडहून खाली उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बैल व एक विधवा बहीण होती."

आप्पांना उठवलं. त्यांनी चष्मा लावून अर्धं पान वाचलं आणि म्हणाले, "बैल तीन होते. हे मी नंतर सुधारलं होतं." आता ती सुधारलेली प्रत शोधतोय.

वांगीभात | गुरुवार, रात्री ११:२४

आप्पांना साष्टांग _/\_

टंकनिका | शुक्रवार, सकाळी ११:००

युनिकोडमध्ये बदलून घ्या हो आता. कन्व्हर्टर मिळतात, पण डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, तिथे घोळ होतो. रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो. आणि तुमच्या घराण्याचं दुर्दैव असं की 'ऱ्ह' हमखास मोडतो. कऱ्हाडचं काय काय होईल ते बघाच.

सुपारीबाग | शुक्रवार, रात्री ९:४०

पहिल्याच पानावर कर्हाड, करहाड आणि क-हाड, तिन्ही आले. आप्पा लाल पेन घेऊन बसलेत.

सुधारलेली प्रत सापडली, 'शाखा १ नवी नवी अंतिम' या नावाची. पण ३८ एमबीचं काय? कुठल्या फाइलींत भोकं पडलीयत हे कळेल का? ९ शाखांची मिळून सहाशेवर पानं आहेत.

लिनक्सकाका | शुक्रवार, रात्री १०:१०

कळेल. नकलेची आणखी एक प्रत करा. डीडीरेस्क्यूला भरण्याचा पर्याय आहे: नकाशात जिथे जिथे 'वाचता आलं नाही' लिहिलंय, तिथे तुम्ही द्याल तो शब्द भरतो. एखादा विचित्र रोमन शब्द द्या, मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधा. ज्यांत सापडेल त्या भोकाच्या.

सुपारीबाग | रविवार, सकाळी ११:१५

भारी युक्ती! एकूण १४ फाइली निघाल्या. अकरा मेव्हण्यांनी भरलेले सिनेमे, त्यांचं दुःख त्यांनी करावं. दोन विंडोजच्या. आणि एक 'शाखा ६'. एकच भोक, आठ सेक्टर, म्हणजे ४,०९६ अक्षरं, दीडेक पान. गंमत म्हणजे भरलेला रोमन शब्द श्रीलिपीत देवनागरी होऊन दिसतो. नावांच्या यादीत मध्येच तीच ती अर्थहीन अक्षरं ओळीमागून ओळ, मग पुन्हा "यांचे चिरंजीव" पासून पुढे सुरू.

डब्बा_पीसी | रविवार, दुपारी १२:००

आठ सेक्टरसाठी मूळ डिस्क पुन्हा लावू नका हो. विचार येऊन राहिला असन मनात.

सुपारीबाग | रविवार, रात्री ८:५०

आला होता. आप्पांनीच थांबवलं. म्हणाले, ती बडोद्याची शाखा, ती मला पाठ आहे. पडवीत बसून सांगत होते, मी टाइप करत होतो, थेट युनिकोडमध्ये. पाचव्या पिढीपर्यंत धडाधड. सहाव्या पिढीत एका सुनेचं माहेरचं नाव अडलं. आतून आईने नारळ किसता किसता सांगितलं.

तीन प्रती केल्या: माझ्याकडे, बहिणीकडे पुण्याला आणि एक क्लाउडवर. मेली ती डिस्क आप्पांनी जुन्या पंचांगांच्या ट्रंकेत ठेवलीय. टाकू देत नाहीत.